मुंबई बंदरात शिडाच्या बोटीतली दुपार: रविवार नव्हे, अष्टमी बघा

प्रश्न जळगावहून आलाय. इंजिनिअरिंगला एका रूमवर राहिलेले सहा मित्र. तिघं जळगाव-भुसावळात, दोघं पुण्याला, एक नाशिकला. जानेवारीत सगळे मुंबईत जमणार आहेत आणि एक दुपार गेटवेसमोर शिडाच्या बोटीत घालवायची आहे. अनुभव कुणालाच नाही. दोघांना पोहता येत नाही. एकाला कसाऱ्याच्या घाटातसुद्धा गाडी लागते. कोणता रविवार घ्यावा, किती वेळ जावं, बरोबर काय न्यावं आणि भीती कितपत बाळगावी, असं विचारलंय.

मी यावल तालुक्यातला. पोहायला तापीत शिकलो, नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि तिथे शिडाच्या बोटींच्या नादी लागलो. चोवीस वर्षं त्या चालवल्या, त्यातली बरीचशी नवख्यांना शिकवण्यात गेली. आता गावी केळीची बाग बघतो. आपल्याकडची पोरं समुद्राचं विचारतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दिवस ठरवू, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. तुम्ही रविवार शोधताय. माझं म्हणणं, तिथी शोधा. जमलं तर शुक्ल किंवा वद्य पक्षातली सप्तमी ते दशमी, आणि मग त्यात शनिवार-रविवार बसतो का बघा. नाही बसला तर सोमवारची रजा टाका. सहा जणांनी एक दिवस रजा टाकणं अवघड आहे हे मला कळतं, पण चुकीच्या तिथीचा रविवार घेण्यापेक्षा ते परवडतं.

कारण असं. मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. आपल्याला नदीची सवय. नदीचं पाणी एकाच दिशेला जातं, पूर आला तरी तिकडेच जातं. बंदरातलं पाणी सहा तास आत येतं आणि सहा तास बाहेर जातं, आणि येता-जाता त्याला नदीसारखीच ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक साडेतीन ते चार मीटरपर्यंत जातो. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हाच फरक दीड मीटरवर येतो. कोळी त्याला भांग म्हणतात. वेळ तीच सहा तासांची, पण उधाणात दुपटीहून जास्त पाणी आत-बाहेर करतं, म्हणजे ओढही तेवढी वाढते.

आता वेळ कशी काढायची ते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. प्रत्यक्षात बाराच्या आसपास होते. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि ओहोटी दोन भरतींच्या मधोमध. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, भांगाच्या दिवसांत कधी त्याहूनही जास्त. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (सर्व्हे ऑफ इंडिया) भरतीच्या तक्त्यात मिळते आणि बोटवाल्याकडेही असतेच. पण जळगावात बसून, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघून दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा आहे.

आता हे दुपारवर बसवून बघा. पौर्णिमेला बाराला भरती पूर्ण, म्हणजे दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी बाहेर चाललेलं, तेही उधाणाच्या ओढीने. अष्टमीला बाराला ओहोटी संपलेली, म्हणजे अख्खी दुपार पाणी सावकाश आत येतंय, सहाला भरती पूर्ण. तुम्ही दोनला निघून साडेपाचला परतणार. एका दिवशी पाणी तुम्हाला घरी आणून सोडतं, दुसऱ्या दिवशी घरापासून लांब नेतं. मुंबईत हे असंच जमून येतं: ज्या दिवसांत ओढ कमी, त्याच दिवसांत दुपारी भरती. नवख्यांसाठी याहून चांगली सोय नाही. आणि ओढ सगळ्यात कमी अष्टमीलाच असते असंही नाही, एक-दोन दिवस मागाहून असते; म्हणून मी दशमीपर्यंत सांगितलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. फेब्रुवारीतली पौर्णिमा होती. सावद्याहून माझे तीन मावसभाऊ आले होते, त्यांना त्याच रविवारी रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं. मला ओहोटी माहीत होती. वारा छान होता, म्हटलं निघू. मागून वारा, खालून ओहोटी, बोट अशी पळाली की भाऊ खूश आणि मीही खूश. चार वाजता मागे बघितलं तर गेटवे अंगठ्याएवढं झालेलं आणि उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह चांगलंच मोठं दिसायला लागलेलं. वळलो. आता वारा समोरून आणि पाणीही समोरून. तासभर नागमोडी काढत राहिलो. मग पाचनंतर वारा पडला.

इंजिन होतं. दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. निघण्यापूर्वी ते पाच मिनिटं चालवून बघायला हवं होतं. बोट भाड्याची होती, पण बघण्याची जबाबदारी माझी होती. बोटीचं नाक बरोबर गेटवेकडे होतं, शिडं लोंबत होती, आणि कुलाब्याच्या इमारती उलट्या दिशेने सरकत होत्या. भावांना वाटत होतं आपण उभे आहोत. मला कळत होतं की आपण मागे चाललोय. नांगर टाकला. दोर ताणला गेला तसं बोटीच्या कडेने पाणी खळखळून वाहायला लागलं, अगदी पाटाला मोट सोडल्यासारखं. तेव्हा कुठे त्यांना ओढ दिसली. त्यातला एक तापी पोहून पार करणारा गडी, तो गप्पच झाला.

परतणाऱ्या एका मच्छीमार बोटीच्या तांडेलाने आम्हाला ओढून आणलं. पैसे घेतले नाहीत. उतरताना पूर्ण ओहोटी, पायऱ्यांवर शेवाळ, धाकट्याचा पाय घसरून गुडघा सोलला. गाडी चुकली. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना तारीख विचारत नाही, तिथी सांगतो.

त्यातूनही उधाणाचाच दिवस नशिबी आला तर एक नियम पाळा: आधी पाण्याच्या विरुद्ध जा, परतताना पाण्याबरोबर या. ओहोटी चालू असेल तर निघताना उत्तर-पूर्वेकडे चढायचं, मग ती तुम्हाला खाली आणून सोडते. सकाळी शेताकडे जाताना चढ आणि परतताना उतार असावा, तसं.

वाऱ्याचं आता. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना, ते मुंबईत घड्याळ लावून बघता येतात. जानेवारीत सकाळी वारा जमिनीवरून, ईशान्य-पूर्वेकडून येतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून, वायव्येकडून सुरू होतो. मधे एक मेलेली वेळ असते, तेव्हा शीड नुसतं लोंबतं. म्हणून अकरा-बाराला निघू नका. थंडीत खारा वारा उशिरा येतो, कधी एकला, कधी दोन वाजून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो लवकर येतो आणि जोरही धरतो. तुमच्यासारख्यांना जानेवारीतला हलका वारा चांगला. आठ-दहा नॉट, म्हणजे ताशी पंधरा ते अठरा किलोमीटर. पाण्यावर पांढरे फेस तुरळक दिसायला लागले की दहा नॉटच्या आसपास आहे समजा. सगळीकडे फेस असेल तर पंधरा, आणि मग पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी शीड लहान करून घ्यायला सांगावं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो.

गेटवेसमोर एक गंमत आहे, ती केळीवाल्याला लगेच कळेल. आपण बागेला शेवरीची ताटी लावतो. तिच्या आडोशाला वारा पडतो, आणि जिथे फट असते तिथे तो जास्त जोराने घुसून पानं फाडतो. वायव्येचा वारा मुंबई शहरावरून येतो, आणि ताज हॉटेल, कुलाब्याच्या इमारती ही त्याची ताटी आहे. किनाऱ्याजवळ म्हणून वारा तुटक येतो: आता काही नाही, आता एकदम धक्का. अर्धा मैल बाहेर गेलात की एकसारखा होतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांवरून मत बनवू नका. याच कारणाने इथे लाटाही मोठ्या नसतात, वारा जमिनीवरून पाण्याकडे असल्यामुळे त्यांना वाढायला जागाच मिळत नाही. मरीन ड्राइव्हच्या बाजूला उघडा समुद्र आहे, तिथे हे सुख नाही.

वारा कुठून येतोय हे ओळखायला यंत्र लागत नाही. तुमच्या आजोबांनी खळ्यावर उपणताना कधी यंत्र बघितलं होतं? तिवईवर उभं राहून भुसा कुठे जाईल हे ते गालावरून ओळखायचे. वाऱ्याकडे तोंड करा, मान हळूहळू फिरवा. दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की नाक बरोबर वाऱ्याकडे आहे. बोट त्या दिशेला सरळ जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंश सोडून तिला जावं लागतं, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर नागमोडी. वारा बाजूने असतानाही बोट पुढे कशी जाते, हे प्रत्येकजण विचारतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढे उडतो. शिडावरचा वारा एका बाजूने दाबतो, पाण्याखालचा कणा दुसऱ्या बाजूने अडवतो, आणि बोट मधून पुढे निसटते.

तो कणा, ज्याला सगळे कीलच म्हणतात, नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. मुंबईत फिरायला बऱ्याचदा जे-२४ जातीची बोट मिळते. चोवीस फुटी, वजन सुमारे १,४०० किलो, आणि त्यातलं सुमारे ४३० किलो खाली किलमध्ये आहे, शिशाचं. वारा लागला की बोट कलणार. पंधरा-वीस अंश कलली की नवख्याला वाटतं आता उलटणार. पण जितकी कलते तितका शिडावरचा वारा सांडतो आणि तितकंच खालचं शिसं तिला सरळ करायला बघतं. तळाला वजन असलेली बाहुली आडवी केली तरी उठून बसते, तसं. ओरडू नका, उभे राहू नका. वरच्या बाजूला सरकून बसा. तरी भीती वाटली तर चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा, तो शीड ढिलं करेल आणि बोट लगेच बसेल. हे सांगण्यात कमीपणा नाही. माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या एका काकूंनी पहिल्या तासात चार वेळा सांगितलं आणि दुसऱ्या तासात सुकाणू हातात घेतलं.

सहा जण आहात, तर दोन बोटी घ्या. या आकाराच्या बोटीत चार पाहुणे आणि दोन जाणते यापेक्षा जास्त मी कधी घेतले नाहीत. तीन-तीन वाटून घेतलंत तर सगळ्यांच्या हाताला काम मिळतं आणि एकमेकांच्या बोटीकडे बघण्यात वेगळीच मजा असते. आपली बोट कशी दिसते हे आपल्याला कधीच दिसत नाही, मित्राची दिसते.

पोहता न येणाऱ्या दोघांबद्दल. त्यांना घेऊन जा, मागे ठेवू नका. लाइफ जॅकेट सगळ्यांनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पोहणाऱ्यांनीही. नव्हे, त्यांनी आधी. मी तापीकाठचा आहे म्हणून सांगतो: नदीत पोहणाऱ्याचा आत्मविश्वास समुद्रात घात करतो. बंदरात उधाणाला दोन नॉटची ओढ सहज असते. दोन नॉट म्हणजे सेकंदाला एक मीटर. कपड्यांसकट तेवढ्या वेगाने सतत पोहणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. जॅकेट घातल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. पुरेशी जॅकेटं नाहीत किंवा बक्कल तुटलेलं आहे असं दिसलं तर पैसे गेले तरी चालतील, बोटीत पाय ठेवू नका.

आणि पोहता न येणाऱ्याला एक काम द्या. कुणी पाण्यात पडलंच, तर त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं आणि नजर काढायची नाही, मग बोटीवर काही का गोंधळ चालेना. लाटांमध्ये डोकं नारळाएवढं दिसतं, एकदा नजर हलली की सापडत नाही. शांत माणसाचं काम आहे ते.

डोक्यावर मात्र सगळ्यांनीच लक्ष ठेवायचं. मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा म्हणजे बूम. बोट वळताना तो या बाजूचा त्या बाजूला येतो, आणि वारा मागून असताना वळलं तर फाडकन येतो. चालवणारा ओरडला की वाद न घालता मान खाली. मोबाइलवर फोटो काढत उभा राहिलेला माणूस हाच खरा धोका. दोर हाताला गुंडाळून धरू नका, मुठीत धरा.

घाटात गाडी लागणाऱ्या मित्रासाठी: आदल्या रात्री झोप पूर्ण हवी. रात्रीच्या गाडीने भुसावळहून निघून पहाटे सीएसएमटीला उतरायचं आणि त्याच दुपारी बोटीत बसायचं, हे त्याने करू नये. आदल्या दिवशी या. रिकाम्या पोटी नको आणि शेवभाजी हाणूनही नको. डॉक्टरांना विचारून ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची; तिने झोप येते हे लक्षात ठेवा. बोटीत त्याला मधोमध, मागच्या बाजूला बसवा. केबिनमध्ये अजिबात पाठवू नका, मोबाइल बघू देऊ नका. नजर लांब, उरणजवळच्या करंजाच्या डोंगरावर किंवा घारापुरीच्या टेकडीवर. आल्याचा तुकडा तोंडात. आणि सगळ्यात चांगला उपाय, सुकाणू त्याच्या हातात द्या. मोटार चालवणाऱ्याला घाट लागत नाही, तसंच इथे आहे.

शक्य असेल तर आधी एक सोपी चाचणी घरच्या पाण्यात घ्या. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूरचं पाणी थांबलेलं असतं, तिथे नावेत बसून या. जॅकेट मागून घ्या, नसेल तर किनाऱ्यावरच बसा. वारा पाण्यावर कसा उतरतो ते बघा: गडद ठिपका सरकत येतो, तो पोचला की गालाला लागतो. हे एकदा डोळ्यांना कळलं की बंदरातही तेच दिसतं, आणि झुळूक यायच्या आधी तुम्ही तयार असता.

खायला दशम्या, भाजलेले शेंगदाणे आणि केळी. केळी बोटीवर नेऊ नयेत असा एक समज परदेशी खलाशांत आहे, तुम्हाला कुणी ऐकवेल. मी चोवीस वर्षं नेली. पोटाला हलकी, हात खराब होत नाहीत, मळमळणाऱ्यालाही चालतात. साली पिशवीत घालून परत आणा. डेकवर पडली तर कुणीतरी घसरेल, आणि समुद्र ही कचरापेटी नाही. पाणी माणशी दीड लिटर. आपल्याला पंचेचाळीस डिग्रीची सवय, त्यामुळे जानेवारीच्या उन्हाचं काही वाटत नाही, पण वारा अंग थंड ठेवतो आणि ऊन खालून पाण्यावरूनही लागतं. रात्री मान-नाक भाजल्याचं कळतं. टोपीला आणि चष्म्याला दोरी बांधा. रबरी तळव्याचे बूट, चप्पल नको. एक जाडसर फुल शर्ट, परतताना गार होतं. दारू नको, आधीही नको.

आधार कार्ड बरोबर ठेवा, गेटवेवर तपासणी असते, अर्धा तास आधी पोचा. मोठी बोट पायऱ्यांना लागत नाही, लहान होडीने तिच्यापर्यंत नेतात. चढताना एका वेळी एक, हात मोकळे, बॅग आधी दुसऱ्याच्या हातात. ड्रोन आणू नका, आणि नौदलाच्या जहाजांकडे कॅमेरा रोखू नका. समोरची ऑयस्टर रॉक आणि मिडल ग्राउंड ही नौदलाची ठाणी आहेत, जवाहर द्वीप तेलाचं. तिथून लांब राहायचं असतं आणि तुमचा चालक राहीलच. मोठी जहाजं आपल्यासाठी थांबत नाहीत, त्यांना थांबताच येत नाही. अरुंद मार्गात त्यांची वाट आपण अडवायची नाही असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. मासेमारीच्या जाळ्याचे तरंगते गोळे दिसले तर चालकाला सांगा. ते जाळं कुणाच्या तरी घरचं आहे.

घारापुरीला जायचा बेत यात घालू नका. लेणी दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने निवांत बघा, सोमवार सोडून. खांदेशातून आलेला प्रत्येकजण नावामुळे खांदेरीचंही विचारतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण तो दक्षिणेला थळसमोर, बराच लांब आहे, दुपारच्या फेरीत बसत नाही. कुठेतरी पोचायचं ठरवलं की शिडाच्या बोटीतली मजा जाते. सगळे घड्याळ बघायला लागतात, वारा कमी झाला की इंजिन लावा म्हणतात.

त्यापेक्षा दोन-अडीचला निघा. शिडं चढली की चालक इंजिन बंद करेल. त्या क्षणी बोलू नका, एवढी माझी विनंती आहे. गेटवेवरचा गलबला, फेरीबोटींची घरघर सगळं मागे पडलेलं असतं आणि एकदम बोटीच्या पोटाखालून पाणी जातानाचा आवाज ऐकू येतो. मी हजारदा ऐकला असेल, अजून अंगावर काटा येतो. मग आरामात आग्नेयेकडे सुटा. पूर्वेला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतील, उत्तरेला २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू पाण्यावर आडवा पडलेला. थंडीत पाहुणे आलेले कुरव पक्षी घारापुरीच्या फेरीबोटींमागे घिरट्या घालत असतात. प्रत्येकाने पंधरा मिनिटं सुकाणू धरायचं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. दोन मिनिटं गोंधळ होईल, मग हाताला कळेल. लांबची एक खूण धरा आणि बोटीचं नाक तिच्यावर ठेवा.

चारच्या सुमारास वळा, गप्पा कितीही रंगल्या असल्या तरी. परतीला वारा तोंडावर असतो, त्यामुळे जायला लागला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ धरा. अष्टमी असेल तर पाणी खालून ढकलत असतंच. सूर्य समुद्रात बुडताना बघायचा असेल तर तो इथे दिसणार नाही, हे आधीच सांगतो, कारण बंदर शहराच्या पूर्वेला आहे. सूर्य ताजच्या मागे उतरतो. पण त्या वेळी गेटवेची कमान काळी होते आणि तिच्यातून उजेड पाण्यावर येतो. १९२४ मध्ये ती खुली झाली तेव्हा बोटीने येणाऱ्याला असंच दिसलं असेल. मुंबईत जन्म काढलेल्या माणसांनीही ते पाण्यावरून बघितलेलं नसतं.

साडेपाच-सहाला उतराल तेव्हा पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं असेल. लगेच चालायला लागू नका, जमीन हलल्यासारखी वाटेल. दहा मिनिटं कठड्यावर बसा, पाणी प्या. रात्री बर्थवर डोळे मिटल्यावर बोट पुन्हा डोलायला लागेल, त्याने घाबरायचं नाही. सकाळपर्यंत जातं ते.

जानेवारीतले तुमचे जमण्याचे दिवस नक्की झाले की कळवा, तिथीसकट.